वनविहार : देश, काल आणि मात्रा

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरात चिकित्साव्यवसाय करणाऱ्या आम्हा वैद्यांकडे येणाऱ्या रुग्णांत फार मोठा वर्ग कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांचा असतो. आठवड्यागणिक बदलणारी पाळी, अवेळी आहार, रात्री जागरण व दिवसा निद्रा, तासन्‌तास यंत्रासमोर उभे राहणे किंवा संगणकासमोर बसणे, ही त्यांच्या दिनचर्येची ठळक अंगे होत. स्थौल्य, प्रमेह, अम्लपित्त, कटिग्रह, अर्श आणि निद्रानाश या व्याधींचे हेतू शोधण्यास मग फार दूर जावे लागत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचा अंदाज दिला. औद्योगिक पट्ट्यातील आपल्या बाह्यरुग्ण विभागाकडे पाहिले की या आकड्याचे आश्चर्य वाटत नाही.

अशा रुग्णास आपण औषध देतो तेव्हा द्रव्य, कल्पना, मात्रा, काल आणि अनुपान या सर्वांचा विचार करून चिठ्ठी लिहितो. विहाराविषयी बोलताना मात्र 'रोज चालत जा', 'सुटीला कुठेतरी डोंगरावर जा' एवढे मोघम सांगून थांबतो. व्यायाम हेही लंघनाच्या दहा प्रकारांपैकी एक आहे, म्हणजेच ती चिकित्सा आहे. चिकित्सा असेल तर तिला मात्रा हवी, काल हवा, देश हवा आणि वर्ज्यावर्ज्य विचारही हवा. वनविहाराचा हाच विचार आपल्या परिसराच्या संदर्भात या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

घराजवळचे डोंगर

१९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि त्यानंतर भोसरीपासून चाकणपर्यंतची शेते एकामागून एक कारखान्यांखाली गेली. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाखांवर पोहोचली होती. या सर्व विस्ताराच्या कडेने डोंगर मात्र उभेच राहिले. निगडीची दुर्गाटेकडी नागरी वस्तीत आहे. देहूरोड व तळेगाव यांच्या मध्ये जुन्या मुंबई महामार्गालगत घोरावडेश्वराची लेणी आहेत. इंदोरीजवळ भंडारा डोंगर, तर चाकण औद्योगिक वसाहतीच्या शेजारी भामचंद्र डोंगर आहे. संत तुकाराम महाराजांच्या चिंतनस्थानांची परंपरा या दोन्ही डोंगरांशी निगडित आहे. त्यापलीकडे लोणावळा लोकलच्या मार्गावर मळवली स्थानकातून लोहगड व विसापूर गाठता येतात. उत्तरेस राजगुरुनगरहून पश्चिमेकडे गेले की भीमाशंकराचे अरण्य लागते.

या सर्व ठिकाणांची प्रकृती एक नाही. चाकणकडील टेकड्या उघड्या, खडकाळ व कमी पावसाच्या आहेत. त्यांना जांगल देशाची लक्षणे लागू पडतात. पश्चिमेस जावे तसा पाऊस वाढत जातो आणि भीमाशंकरास घनदाट, ओलसर, धुक्याने भरलेले वन भेटते. तेथे आनूप देशाचे गुण स्पष्ट दिसतात. स्थूल व कफप्रधान रुग्णास कोरड्या टेकडीवरचा नित्य विहार अनुकूल ठरेल. तमकश्वासाच्या रुग्णास ऐन पावसाळ्यात भीमाशंकरी मुक्कामास पाठविणे कोणत्याही विचारी वैद्यास रुचणार नाही. एकाच जिल्ह्यात, काही तासांच्या अंतरावर देशभेद उपलब्ध असणे ही आपल्या भागातील वैद्यांची मोठी सोय आहे. तिचा उपयोग आपण क्वचितच करतो.

अर्धशक्तीचे प्रमाण

व्यायाम आपल्या बलाच्या अर्ध्या प्रमाणात करावा, हा संहिताकारांचा दंडक सर्वांना मुखोद्गत आहे. सुश्रुताचार्यांनी त्याचे लक्षणही दिले आहे. श्वास मुखावाटे येऊ लागला की अर्धे बल खर्ची पडले असे समजावे. ललाट, नासिका, कक्षा व संधी येथे स्वेद येणे आणि मुख कोरडे पडणे हीही त्याचीच गमके होत. या लक्षणांसाठी कोणतेही यंत्र लागत नाही. रुग्णास ती दोन मिनिटांत समजावून सांगता येतात. चढावर बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर तुटू लागले की थांबावे, श्वास नासिकेवाटे सुरळीत झाल्यावर पुन्हा निघावे, एवढे सांगितले तरी पुरे.

प्रत्यक्षात घडते ते याच्या उलट. सहा दिवस अजिबात न चालणारा तरुण सातव्या दिवशी मित्रांच्या बरोबरीने लोहगड चढतो. त्या दिवशी तो अतिव्यायाम करतो आणि उरलेले सहा दिवस अव्यायाम. अतिव्यायामाने श्रम, क्लम, तृष्णा, रक्तपित्त, प्रतमक, कास, ज्वर आणि छर्दी संभवतात असे चरकाचार्य सांगतात. व्यायाम, जागरण आणि मार्गक्रमण यांचा अतिरेक करणाऱ्यास वाग्भटाचार्यांनी हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. रात्रपाळी उरकून, न झोपता, थेट गडाकडे निघणाऱ्यांच्या बाबतीत जागरण व मार्गक्रमण हे दोन्ही अतिरेक एकत्र येतात.

म्हणून क्रम असावा. पहिले चार ते सहा आठवडे दुर्गाटेकडी, भोसरीचे सहल केंद्र किंवा घराजवळचे उद्यान येथे नित्य चंक्रमण करावे. देहास अतिपीडा न देणारे चालणे आयुष्य, बल, मेधा व अग्नी यांस हितकर आहे असे सुश्रुतमत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचविला, तोही नित्य चालण्याने सहज साधतो. हे अंगवळणी पडल्यावर घोरावडेश्वराच्या पायऱ्या किंवा भंडारा डोंगर, आणि त्यानंतर लोहगड, अशी चढती भाजणी ठेवावी. जानुसंधी दुखणाऱ्यास पायऱ्या उतरणे हे चढण्यापेक्षा अधिक त्रासदायक होते. भंडाऱ्यावर वरपर्यंत वाहनाचा रस्ता आहे. अशा रुग्णाने वाहनाने वर जाऊन माथ्यावर सपाटीवर फिरावे. या भागातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. त्या दिवशी रविवारची गर्दी नसल्याने रुग्णास स्वतःच्या गतीने चालता येते, हा लाभही लक्षात आणून द्यावा.

ऋतूचा विचार

आपल्याकडे गिरिभ्रमणाचा मुख्य काळ पावसाळा हाच मानला जातो. जूनच्या पहिल्या सरींबरोबर लोणावळा, मळवली, पवनानगर हे रस्ते भरून वाहू लागतात. ऋतुचर्येचे सांगणे मात्र निराळे आहे. वर्षा ऋतूत अग्नी मंद, बल अल्प आणि वात प्रकुपित असतो. व्यायाम, नदीचे पाणी आणि दिवास्वाप या तिन्ही गोष्टी चरकाचार्यांनी या ऋतूत वर्ज्य सांगितल्या आहेत. पावसाळी सहलीचे नेहमीचे स्वरूप पाहिले तर चढण, प्रवाहात भिजणे आणि परतल्यावर दिवसा झोप असा तोच क्रम त्यात आढळतो.

यातील धोका केवळ अग्निमांद्याचा नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी इंदोरीनजीक कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने कोसळून चौघांचा मृत्यू झाला. ही दोन्ही ठिकाणे आपल्या रुग्णांच्या घरापासून तासा-दोन तासांवरची आहेत. पावसाळ्यात डोंगर पाहायचाच असेल तर पायथ्याशी, सपाट वाटेने, हलक्या उष्ण आहारानंतर, प्रवाहात न उतरता पाहावा, असे वैद्याने स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. घरच्यांनी सांगितलेले जे तरुण ऐकत नाहीत, ते वैद्याने पथ्य म्हणून सांगितलेले पुष्कळदा ऐकतात, असा आमचा अनुभव आहे.

शरदात, म्हणजे आपल्याकडील ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात, पित्तप्रकोप ध्यानी घेऊन सकाळी लवकर परतावे. मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा हेमंत-शिशिराचा काळ गिरिभ्रमणास सर्वोत्तम होय. अग्नी प्रदीप्त असतो, बल उत्तम असते आणि स्निग्ध आहार पचतो. वसंतात कफविलयनामुळे व्यायाम हितकरच आहे. ग्रीष्मात तो अल्प करावा. मार्च-एप्रिलमध्ये टेकड्यांवरचे गवत वाळलेले असते आणि एका जळत्या विडीने वणवा पेटतो, हेही सांगावयास विसरू नये.

प्रमेही रुग्ण आणि पादत्राण

सुश्रुतसंहितेच्या प्रमेहचिकित्सेत निर्धन रुग्णाने पादत्राण व छत्र यांविना, भिक्षान्नावर, एका गावी एकच रात्र राहून शंभर योजने चालावे असा उपदेश येतो. चालण्यास चिकित्सेचा दर्जा देणारा हा उतारा आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केला आहे. तथापि त्याचा आजच्या रुग्णावर उपयोग करताना दोन गोष्टींचा विवेक हवा.

पहिली गोष्ट अशी, की याच संदर्भात कृश प्रमेहीचे सतत रक्षण करण्यास सांगितले आहे. अपथ्यनिमित्तज, स्थूल, बलवान रुग्णास डोंगर हितकर आहे. कृश, सहज प्रमेहीस तोच डोंगर क्षयकारक होईल. दुसरी गोष्ट पादत्राणाची. दीर्घकालीन मधुमेहात पादसुप्ती उत्पन्न होते आणि तळव्यास काटा, खडा वा तापलेला दगड लागल्याचे रुग्णास कळतही नाही. त्यातून होणारे व्रण किती कष्टसाध्य असतात हे प्रत्येक चिकित्सक जाणतो. भंडारा व भामचंद्र या डोंगरांवर श्रद्धेने अनवाणी चढणारे रुग्ण आपल्याकडे येतात. त्यांची श्रद्धा न दुखावता, प्रमेहीने पाय झाकूनच चढावे आणि देवळाच्या पायरीशीच पादत्राण काढावे, असे आम्ही सांगतो. परत आल्यावर तळवे आरशात पाहण्याची सवयही लावतो.

जो रुग्ण इन्सुलिन किंवा आधुनिक मधुमेहशामक गोळ्या घेत आहे, त्याने उपाशीपोटी चढू नये. जवळ साखर वा गूळ ठेवावा आणि एकट्याने जाऊ नये. हृद्रोगी, अतिरक्तदाबी व नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांनी तज्ज्ञाच्या तपासणीविना चढ टाळावा.

सायकल आणि तंबू

अलीकडे सायकलचा छंद या भागात पुन्हा रुजला आहे, ही समाधानाची बाब आहे. मात्र तळेगाव-चाकण आणि पुणे-नाशिक या मार्गांवर कंटेनरची वाहतूक दिवसरात्र चालते. सायकलस्वाराने गावांना जोडणारे आतले रस्ते पत्करावेत. अर्शाच्या हेतूंमध्ये उत्कटासन व पृष्ठयान यांचा निर्देश आहे. कठीण आसनावर दीर्घकाळ बसून धक्के खाणे हे त्याच जातीचे आहे. अर्श, भगंदर वा परिकर्तिका असलेल्यास सायकलऐवजी चालणेच सांगावे.

पवना धरणाच्या काठी तंबूत राहण्याची पद्धतही फोफावली आहे. रात्री उशिरा गुरू भोजन, मद्य, जागरण आणि पहाटेचे दव या सर्वांच्या योगाने विश्रांतीऐवजी अजीर्ण व प्रतिश्याय घेऊनच पुष्कळ जण परततात. रात्र बाहेर काढायची तर सूर्यास्तापूर्वी लघू आहार आणि वेळेवर निद्रा हे दोन नियम पाळावेत. पिंपरी-चिंचवडला पिण्याचे पाणी मुख्यतः पवना धरणातून येते. त्या काठावर टाकलेली घाण शेवटी आपल्याच रुग्णांच्या घरी पोहोचते, हे तंबूवाल्यांना सांगण्याचा अधिकार वैद्यास निश्चितच आहे.

खेड व जुन्नर तालुक्यांत बिबट्याचा वावर आहे. ब्राह्ममुहूर्तावर उठावे, पण झाडीत व उसाच्या कडेने सूर्योदयानंतरच जावे. सर्पदंश झाल्यास दंशस्थान न कापता, घट्ट न बांधता, अवयव स्थिर ठेवून प्रतिविष उपलब्ध असलेले रुग्णालय विनाविलंब गाठावे. येथे वनौषधीचा प्रयोग करून काळ दवडणे सर्वथा अयोग्य होय.

द्रव्यपरिचयासाठी वन

आतापर्यंत रुग्णाविषयी लिहिले. वैद्यासही वनाची तितकीच गरज आहे. आपल्यापैकी बहुसंख्यांचा व्यवसाय आज तयार चूर्णे, वटी व अरिष्टे यांवर चालतो. पाकिटावरील नाव वाचण्यापलीकडे द्रव्याशी आपला संबंध उरलेला नाही. गोपाल, मेंढपाळ आणि इतर वनवासी औषधींना नामरूपाने ओळखतात, असे चरकाचार्यांनी लिहून ठेवले. ते आज आपल्याविषयी काय लिहितील, याचा विचार करावा.

काही उदाहरणे पाहू. कुटजत्वक् म्हणून बाजारात काळ्या कुड्याची साल मिसळली जाते. खऱ्या पांढऱ्या कुड्याची साल तीव्र तिक्त असते आणि त्याच्या जोडशेंगा एकमेकींपासून सुट्या लोंबतात. काळ्या कुड्याच्या शेंगांची टोके कोवळेपणी जुळलेली असतात. झाडापाशी उभे राहून एकदा हा भेद पाहिला की तो आयुष्यभर विसरत नाही. कारखान्यांच्या फाटकांशी आणि उद्यानांत सरळसोट वाढणारा जो वृक्ष 'अशोक' म्हणून ओळखला जातो तो आसुपालव होय. अशोकारिष्टातील अशोक तो नव्हे. शंखपुष्पी या नावाखाली निदान तीन निरनिराळ्या वनस्पती वापरात आहेत. त्यांपैकी निळ्या इवल्या फुलांची विष्णुक्रांता मुरमाड टेकडीवर पावलाखाली सापडते. माघ-फाल्गुनात घाटाच्या उतारांवर धायटी लाल फुलांनी बहरते. आसवारिष्टांच्या संधानासाठी जी धातकीपुष्पे आपण पोत्यांनी विकत घेतो, ती फांदीवर पाहिलेल्या औषधनिर्मात्यास जुना, रंग उडालेला माल हातात घेताच ओळखू येतो. पावसाळ्यात पायथ्याच्या वाटेवर काळ्या मुसळीचे जमिनीलगतचे पिवळे फूल आणि कुंपणावर चढलेली कळलावी दिसते. कळलावीचा कंद उपविष आहे. तो ओळखता येणे ही चिकित्सकाची जबाबदारीच होय.

औषधनिर्मात्यांसाठी हा प्रश्न व्यावहारिकही आहे. शेड्यूल टी प्रमाणे कच्च्या मालाची ओळख व नोंद ठेवणे बंधनकारक आहे. माल घेणाऱ्याची दृष्टीच तयार नसेल तर ती नोंद केवळ कागदावर राहते.

आंबेगाव, जुन्नर व खेड या तालुक्यांच्या पश्चिम भागात महादेव कोळी समाजाची कुटुंबे बाळहिरडा गोळा करतात. बी धरण्यापूर्वीची कोवळी फळे उतरवून, वाळवून ती विकली जातात, आणि त्या उत्पन्नावर कित्येक घरांचा वर्षाचा खर्च अवलंबून असतो. हरीतकीचे गुण आपण ग्रंथात वाचतो. ती कोणत्या हातांनी उतरविली व त्यांना काय मोबदला मिळाला, हे त्या गावी गेल्यावाचून कळत नाही.

पाहावे, तोडू नये

या उत्साहात एक मर्यादा काटेकोरपणे पाळली पाहिजे. १९८५ मध्ये घोषित झालेले भीमाशंकर अभयारण्य सुमारे १३० चौरस किलोमीटरचे असून शेकरूचे ते आश्रयस्थान आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अभयारण्यातून मुळी, साल वा पान परस्पर नेता येत नाही. जैवविविधता कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना मंडळास पूर्वसूचना देण्यापासून सूट मिळाली. ही सूट वनकायद्यांपासूनची सूट नव्हे, हे ध्यानात ठेवावे. लोहगड केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे आणि २०२५ मध्ये तो मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांसह जागतिक वारसा यादीत गेला. तेथेही हाच संयम हवा.

कायदा बाजूस ठेवला तरी विवेक हेच सांगतो. सह्याद्रीतील नरक्या ही वनस्पती कर्करोगावरील औषधाच्या मागणीपोटी कशी ओरबाडली गेली, हे सर्वश्रुत आहे. सीतेचा अशोक वनात विरळ झाला, त्यात आपल्या अरिष्टांचाही वाटा आहे. झाडाखाली पडलेले फळ पाहावे, छायाचित्र घ्यावे, टिपण करावे, आणि लागवडीसाठी रोप रोपवाटिकेतून आणावे.

शाखांना विनंती

जपानमध्ये १९८२ साली तेथील वनखात्याने 'शिनरिन-योकू', म्हणजे वनस्नान, ही संज्ञा रूढ केली आणि पुढे त्यावर संशोधनही उभे राहिले. आपल्याकडे देश, ऋतू, बल व प्रकृती यांनुसार विहार सांगणारे शास्त्र आधीपासून आहे. उणीव आहे ती नोंदींची. म्हणून आपल्या संघटनेच्या प्रत्येक शाखेने पुढील तीन गोष्टी कराव्यात असे आम्ही सुचवितो. प्रत्येक ऋतूत एकदा, वनस्पतिशास्त्राच्या जाणकारासह व आवश्यक तेथे वनखात्याच्या परवानगीने, जवळच्या डोंगरावर द्रव्यपरिचयाची फेरी काढावी. स्थूल प्रमेही रुग्णांना क्रमाने टेकडीविहार सांगून वजन, कटिपरिघ, रक्तशर्करा, निद्रा व मलप्रवृत्ती यांची दर महिन्यास नोंद ठेवावी. आणि औषधी दुकानदार व निर्माते यांनी आपल्याकडील संदिग्ध द्रव्यांचे नमुने या फेरीत सोबत आणून जिवंत झाडाशी ताडून पाहावेत.

हेमंत ऋतूपासून आरंभ करणे सोयीचे होईल. सुरुवातीस दुर्गाटेकडी पुरेशी आहे.